स्टेजपर्यंतचा उतार

मी जे शिकवते ते ऐकायला फार साधं वाटतं. ज्याला दिसत नाही अशा माणसाला रस्ता पार करून देताना त्याचा हात धरून ओढू नये, आपला कोपर त्याच्या हातात द्यावा. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाकडे काम असेल तर त्याच्याशीच बोलावं, खुर्ची ढकलणाऱ्याशी नव्हे. आणि कुणालाही मदत करायच्या आधी विचारावं. एवढं सांगायला आमची छोटी संस्था मला बँकांत, दवाखान्यांत, शाळांत पाठवते. मला स्वतःला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर, काखेत दोन कुबड्या आणि मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर, एवढा लवाजमा घेऊन मी गडमुडशिंगीहून रोज कोल्हापुरात येते.

मंगल कार्यालयात मात्र मी शिकवायला कधी गेले नव्हते. एके दिवशी ऑफिसात फोन वाजला. पलीकडचा आवाज असा होता की फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी चालावं.

"ताई, ते अपंग लोकांचं ट्रेनिंग तुमच्यातच देत्यात न्हवं?"

"हो, आम्हीच देतो."

"मग एक दिवस कुणाला तरी पाठवा की आमच्याकडं. जरा अर्जंट हाय."

मुहूर्त नसलेला मंगळवार ठरला. कार्यालय आमच्या गावाकडून शहरात येतानाच्या रस्त्यावर, म्हणजे मी रोज त्याच्यावरून जायची. मालक दारातच उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, पांढरा शर्ट, अंगानं चांगले भरलेले. मी स्कूटर लावली, कुबड्या काढल्या, त्यांच्यापर्यंत गेले. ते माझ्या मागं रस्त्याकडं बघत होते.

"साहेब मागनं येत्यात काय?"

"साहेब कुणी नाहीत. मीच शिकवणार आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दारातल्या तीन पायऱ्यांकडं. "मग तुम्ही वर कशा येणार?"

"मी येईन कशीबशी. पण तुम्ही हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारलात ना, तिथनंच आपलं ट्रेनिंग सुरू झालं असं समजा."

ते मोठ्यानं हसले. मला तो माणूस तिथंच आवडला. खुर्चीत बसवून, चहा मागवून त्यांनी सगळी हकिकत सांगितली. दोन महिन्यांनी एक लग्न होतं. मुलगी गडहिंग्लजकडची. हॉल बघायला ती स्वतः आली होती. तिनं स्वयंपाकघर बघितलं, खोल्या बघितल्या, पार्किंग बघितलं आणि शेवटी स्टेजपुढं उभी राहून विचारलं, माझे वडील वर कसे येणार? तिचे वडील उसाच्या ट्रॉलीवरून पडले होते, आठ वर्षांपूर्वी. तेव्हापासून कमरेखाली संवेदना नाही, खुर्चीतच असतात.

"मी म्हटलं, त्यात काय एवढं, चार पोरं देतो की उचलायला," मालक सांगत होते. "तर ती म्हणाली, उचलून न्यायचं आसंल तर आण्णा मांडवाच्या बाहेरनंच अक्षता टाकणार हाईत. त्यांनी तसं सांगूनच धाडलंय. आता पोरीच्या बापाला बाहेर बसवून मी लग्न कसं लावू सांगा. पंचवीस वर्षं झाली हे कार्यालय चालवतोय. आजपतूर मला हे कुणी विचारलं न्हवतं."

"ज्यांना विचारायचं होतं ते लग्नाला आलेच नसतील," मी म्हणाले.

हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नव्हते. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा घरचे सगळे स्टेजवर होते आणि मी खाली पहिल्या रांगेत. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पायऱ्या पाच होत्या, कठडा नव्हता, गर्दी होती. आई वरून दोनदा हातानं ये म्हणाली, मी दोनदा मानेनं नको म्हणाले. त्या लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाच फोटोत आहे, तोही जेवतानाचा, तोंडात घास असलेला.

प्रशिक्षणासाठी मालकांनी कार्यालयातली सगळी माणसं गोळा केली होती. आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, वॉचमन, झाडलोट करणारे. संस्थेनं टेंपोतून चाकांच्या दोन खुर्च्या धाडल्या होत्या. मंडळी खुर्च्या मांडून बसली, पण चेहऱ्यांवर स्पष्ट लिहिलं होतं की मालकांनी सांगितलंय म्हणून आलोय.

अशा वेळी मी भाषण करत नाही. मी मालकांना म्हटलं, "या खुर्चीत बसा आणि हात धुऊन या."

मालक बसले. खुर्ची करकरली. पहिल्यांदा ती गोल गोल फिरली, कारण ते एकाच हातानं जोर लावत होते. मग सरळ निघाले ते जेवणाच्या हॉलच्या उंबऱ्याला अडले. उंबरा दोन बोटांचा असेल. त्यांनी मागं घेऊन पुन्हा धडक दिली, पुन्हा अडले. माणसं आता हसायला लागली होती. वॉचमननं पुढं होऊन मागून ढकललं तेव्हा मालक त्याच्यावर खेकसले, "आरं विचार तरी आधी. तोंडावर पाडतोस काय?"

"हाच आपला पहिला धडा," मी बाकीच्यांना म्हणाले, "आणि तो मालकांनीच शिकवला."

बेसिनपाशी पोचल्यावर त्यांची बोटं नळाला जेमतेम लागली, पाणी कोपरावरून बाहीत गेलं. संडासात तर खुर्ची शिरलीच नाही. ते दारात अडकलेल्या अवस्थेत म्हणाले, "म्हंजे पावण्यानं दिवसभर करायचं काय?"

"बहुतेक जण लग्नाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत," मी सांगितलं. "मीसुद्धा पीत नाही."

त्यानंतर हसणं थांबलं. भांडी घासणाऱ्या बायकांपैकी सर्वांत वयस्कर मावशी, नऊवारीचा काष्टा घट्ट आवळलेल्या, पहिल्या रांगेत येऊन बसल्या. "सांगा पुढचं," त्या म्हणाल्या. "मी ऐकतो."

मग जेवणाचा सराव घेतला. आचाऱ्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि त्याला ताट वाढलं. आम्ही इतर ठिकाणी शिकवतो की न दिसणाऱ्या माणसाला ताट घड्याळासारखं सांगावं, बाराच्या जागी भात, तीनच्या जागी भाजी. मी तसं सांगायला लागले तर मावशी मध्येच म्हणाल्या, "घड्याळ कशाला पायजे? मीठ मधी वर, डाव्या अंगाला चटणी-कोशिंबीर, उजवीकडं भाजी, आमटी. रीतीनं वाढलं तर आंधळ्याला बी गावतंय."

आचाऱ्यानं डोळे बांधलेल्या स्थितीत हात नेला तो बरोबर चटणीवर. पुढच्या ताटाला एका पोरसवद्या वाढप्यानं वाटी भलत्याच जागी ठेवली, तेव्हा आचाऱ्याची बोटं थेट आमटीत बुडाली. मी वहीत मावशींचं वाक्य लिहून घेतलं. त्यानंतर जिथं जिथं गेले तिथं घड्याळ सोडून दिलं आणि पानाच्या डाव्या-उजव्या बाजूनंच शिकवलं.

सगळं छान चाललं होतं. फक्त एक माणूस माझ्या डोळ्यात खुपत होता. वाढप्यांचे मुख्य, साठीच्या आसपासचे, उंच, पांढऱ्या टोपीतले एक मामा. ते शेवटच्या रांगेत अगदी डाव्या टोकाला भिंतीला कान लावल्यासारखे बसले होते. मी प्रश्न विचारला की सगळे काहीतरी बोलायचे, हे माझ्याकडं नुसते बघायचे. एकदा मी थेट विचारलं, "मामा, तुमच्यापुढं असा पाहुणा आला तर तुम्ही पहिल्यांदा काय म्हणाल?" उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं. ते नुसते मान हलवून हसले.

मला वाटलं, बाईमाणूस शिकवतंय, तेही कुबड्या घेतलेलं, म्हणून हा माणूस किंमत देत नाही. तसले खूप बघितले होते. मी जरा धारेनं म्हणाले, "मामा, वयानं मोठे आहात, पण वर्गात बसलात तर उत्तर द्यायला पाहिजे. नाहीतर बाहेर बसलात तरी चालेल."

ते उठले आणि खरंच बाहेर गेले. सगळे खाली बघत राहिले. मला वाटलं, बरं झालं.

दुपारच्या जेवणाला मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. इकडंतिकडं बघून हळू म्हणाल्या, "ताई, तुम्ही त्येला बोललासा, ते मला काय पटलं न्हाय."

"का हो?"

"त्येला डाव्या कानानं बिलकूल ऐकू येत न्हाय. उजव्यानं बी थोडंच येतंय. आमास्नी समद्यांस्नी म्हाईत हाय. मालकास्नी सांगितलं न्हाय. काम जाईल म्हणून भ्या वाटतंय त्येला. आमी त्येच्या उजव्या अंगाला उभं ऱ्हाऊन हातानं सांगतो, काय कमी हाय, कुठल्या पंगतीला काय पायजे. धा वर्सं झाली, कुणाला पत्ता न्हाय."

माझ्या हातातला घास ताटात राहिला. सकाळपासून मी चौदा माणसांना सांगत होते की अपंगत्व दरवेळी दिसतंच असं नाही, अंदाज करू नका, आधी विचारा. आणि मी स्वतः एका माणसाला न विचारता वर्गाबाहेर घालवलं होतं.

मामा मागच्या अंगणात भांड्यांच्या ढिगाजवळ एका पालथ्या पातेल्यावर बसले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले. त्यांना माझं तोंड दिसेल अशी उभी राहिले.

"मामा, माझं चुकलं."

त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. "कुणी सांगितलं?"

ते स्वतःच म्हणाले, "मावशी असणार. तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाय." आणि जरा वेळानं, "तुमचं बी बरोबर हाय. मी गप बसल्यावर मस्ती वाटणारच की. लोकास्नी तसंच वाटतंय. मला बी वाटतंय, बहिरा म्हणण्यापरास मस्तीखोर म्हटलेलं बरं."

"मालकांना सांगणार नाही मी. तुमची गोष्ट आहे, तुम्ही ठरवा."

"व्हय," एवढंच ते म्हणाले.

दुपारी वर्ग पुन्हा भरला तेव्हा मामा आत आले आणि पहिल्या रांगेत उजवा कान माझ्याकडं करून बसले. मी विषय काढला होता तो ऐकू न येणाऱ्या पाहुण्यांचा. त्यांच्या समोर यावं, तोंडावर हात ठेवू नये, ओरडू नये, हातानं दाखवावं, गरज पडली तर कागदावर लिहावं. मी बोलत असताना मामा उभे राहिले.

"मालक," ते म्हणाले, "ताई सांगत्यात तसा पावणा हितं रोजच असतोय. मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाय. लई वर्सं झाली."

मालक त्यांच्याकडं बघत राहिले.

"मग मी एवढी वर्षं शिव्या देत आलो," मालकांनी विचारलं, "त्या कुठल्या कानाला?"

मामांनी विचार केला. "बहुतेक डाव्या."

"मग एकही पोचली न्हाय म्हणा की. तरीच तू टिकलास हितं."

अख्खा हॉल हसला. मामाही हसले, पण त्यांनी टोपी काढून तिनंच डोळे पुसले. मालक उठून त्यांच्याजवळ गेले, आधी डाव्या बाजूला उभे राहिले, मग आठवल्यासारखं करून उजव्या बाजूला आले आणि काहीतरी बोलले. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मामांनी मान डोलावली. कामाला मात्र ते दुसऱ्या दिवशी होते आणि अजूनही आहेत.

आता प्रश्न उरला होता स्टेजचा. स्टेज अडीच फूट उंच होतं. नियम असा की एक फूट उंची चढायची तर उतार बारा फूट लांब हवा, म्हणजे माणूस स्वतःच्या हातांनी चाकं फिरवून चढू शकतो. मी मालकांना आणि त्यांच्या नेहमीच्या गवंड्याला तो हिशेब सांगितला.

"म्हंजे तीस फूट?" मालक म्हणाले. "मग पावणी कुठं बसवू? उतारावर?"

त्यांना एक युक्ती सुचली. मागच्या बाजूला स्वयंपाकघराची जमीन स्टेजच्या बरोबरीला होती. तिथं मागच्या दारातून सामान चढवायला जुना उतार होताच. "आण्णास्नी मागनं घेऊया. स्वयंपाकघरातनं सरळ स्टेजवर. काय बिघडलं?"

माझ्या आईच्या आईच्या पिढीनं मागची दारं पुरेपूर बघितली होती. कुणाच्या दारात कुठं उभं राहायचं, हे त्यांना लहानपणापासून पाठ असायचं. मला त्या दाराचं वेगळं सांगावं लागत नव्हतं. पण मालकांच्या मनात तसलं काही नव्हतं, तेही दिसत होतं, म्हणून मी आवाज चढवला नाही.

"मालक, तुमच्या मुलीचं लग्न असेल, सगळे पाहुणे पुढच्या कमानीतून येतील, आणि तुम्हाला कुणी म्हणालं, तुम्ही तेवढं खरकट्याच्या बादल्यांजवळून या, तर तुम्ही याल?"

त्यांनी मागच्या दाराकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "न्हाय येणार. कार्यालयच बदलीन."

मार्ग गवंड्यानं काढला. तो स्टेजवर चढला, पायानं आपटून बघितलं आणि म्हणाला, "ह्ये वरचं लाकडी हाय. खालचा कट्टा दीड फुटाचाच." तेव्हा मालकांना आठवलं की कधीकाळी लांबच्या पाहुण्यांना नवरा-नवरी दिसत नाहीत म्हणून वर फूटभर फळ्यांचा मजला चढवला होता. तो काढला की अठरा फुटांत काम होणार होतं. फक्त उतार डाव्या भिंतीकडेनं पुढच्या बाजूला येणार आणि तिथं पुढाऱ्यांचा सोफा असायचा.

"सोफा कुठं ठेवू?" मालक.

"पुढारी अक्षता पडल्या की निघूनच जात्यात," मावशी झाडू टेकवून म्हणाल्या. "त्यास्नी खुर्ची द्या, पुरे हाय."

दहा-बारा दिवसांनी मी बघायला गेले तर उतार तयार होता, पण बघताच कळलं की तो नऊ फुटांत आटपलाय. मालकांनी शेवटी सोफा वाचवला होता. ते म्हणाले, "ताई, थोडासा चढ हाय, चालतंय की. आण्णांच्या हातात ताकद हाय म्हणं."

मी काही म्हणायच्या आत मामांनी स्वयंपाकघरातली ट्रॉली बाहेर आणली. आमटीची मोठी पातेली पंगतीपर्यंत न्यायला असते ती, चार चाकांची. तिच्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं आणि मालकांना म्हणाले, "ढकला."

मालकांनी ढकललं. अर्ध्यावर पाणी मागं आलं आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओतलं.

"आमटी असती तर?" मामांनी विचारलं.

गवंड्याला दुसऱ्या दिवशी बोलावण्यात आलं आणि सोफा कायमचा गोदामात गेला. नवा उतार अठरा फुटांचा झाला, खडबडीत फरशीचा, दोन्ही बाजूंना कठडा. त्याच्यावर मामांनी पुन्हा पातेलं चढवलं. थेंबभर सांडलं, तेवढंच. बेसिन एक खाली बसवलं, एका संडासाचं दार रुंद करून बाहेर उघडणारं केलं, आत धरायला दांडी लावली. दारातल्या तीन पायऱ्यांच्या बाजूलाही उतार आला. मी पहिल्यांदा त्या दारातून न थांबता आत गेले.

लग्नाच्या आठवडाभर आधी आण्णा स्वतः बघायला आले. मुलगी आणि मेहुणा बरोबर होते. तोंडानं तिखट माणूस, मिशा पिळदार, हात लोखंडासारखे. त्यांनी माझ्या कुबड्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "आक्का, बरं वाटलं तुमास्नी बघून. मला वाटलं, कोणतरी धडधाकट पायांवर उभं ऱ्हाऊन मला धीर द्यायला येणार."

ते एकटे उतार चढले. वर गेल्यावर खुर्ची वळवली आणि रिकाम्या हॉलकडं तोंड करून नुसते बसून राहिले. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "ताई, ते अपघातानंतर कुणाच्याच लग्नाला गेले नाहीत. चुलतभावाच्या लग्नाला शेतात काम आहे म्हणून सांगितलं. शेतात कसलं काम करणार होते?"

खाली आल्यावर आण्णांनी संडास बघितला, दांडी हलवून बघितली, बेसिनला हात धुतले आणि मालकांना विचारलं, "त्या दिवशी चहा कितीदा मिळेल?"

"मागाल तितक्यांदा."

"मग मागतो," ते म्हणाले. त्याचा अर्थ मालकांना कळला आणि मला कळला. बाकीच्यांना वाटलं, माणूस चहाबाज आहे.

लग्नाच्या दिवशी मला बोलावणं होतं, कामासाठी नव्हे, पाहुणी म्हणून. मी साडेदहाला पोचले तर उतारावर लाल, मऊ, जाड गालिचा अंथरलेला आणि दोन्ही कडांना फुलांच्या कुंड्या. सजावटवाल्यानं हौसेनं केलेलं. अशा गालिच्यात खुर्चीची पुढची चाकं रुततात आणि कुंड्यांच्या मधून ती जाणारही नव्हती. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी भांडी खाली ठेवून आल्या आणि एका टोकाला धरून गालिचा गुंडाळायला लागल्या.

"ओ मावशी, ते डेकोरेशन हाय," सजावटवाला धावत आला.

"ही वाट हाय. शोकेस न्हाय," मावशी म्हणाल्या. "कुंड्या उचल. हितं पोरीचा बाप येणार हाय."

त्यानं कुंड्या उचलल्या.

आण्णा फेटा बांधून आले. त्यांना बघताच नवऱ्याकडचे चार तरणे पाहुणे पुढं झाले, मनानं चांगलेच, आणि त्यांनी खुर्चीला चारी बाजूंनी हात घातले. "आण्णा, बसा बिनधास्त, उचलतो आमी." आण्णांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात मामा वाढायचं पळी-भांडं हातात घेऊन मध्ये उभे राहिले.

"पावणं, आधी विचारा त्यास्नी."

ते चौघं थांबले. एकानं गडबडून विचारलं, "आण्णा, उचलू का?"

"नगं," आण्णा म्हणाले. "जेवताना जिलेबी आणून दे, तेवढं बास."

चौघांनी हात काढले आणि आण्णा उतारानं वर गेले. मागून वऱ्हाडातल्या दोन म्हाताऱ्या, ज्यांना गुडघ्यांमुळं पायऱ्या चढता येत नव्हत्या, त्याही कठडा धरून वर गेल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

भटजींचा प्रश्न मला आदल्या दिवसापासून छळत होता. कन्यादानाला आईवडील पाटावर बसतात. खुर्ची आणि पाट यांचं कसं जमायचं? भटजींनी आण्णांकडं बघितलं, समोरचा चौरंग उचलून एका टेबलावर ठेवला, कलश त्याच्यावर, आणि नवरा-नवरीला उभं केलं. आण्णांच्या शेजारी त्यांच्या बायकोला साधी खुर्ची दिली. वऱ्हाडातल्या एका मोठ्या माणसानं हळूच विचारलं, असं चालतं का. भटजी म्हणाले, "कन्यादान हातानं करायचं असतं, गुडघ्यानं नाही. पुढं बघा."

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मुलीनं मला खुणेनं वर बोलावलं. मी कुबड्या टेकत उतार चढले आणि फोटोत उभी राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "त्या काठ्या जरा बाजूला ठेवता का?" मी म्हणाले, "मग मी पडेन आणि फोटो हलेल." आण्णा खो-खो हसले आणि त्यानं तेव्हाच बटण दाबलं.

जेवणं उरकली. संध्याकाळी चारच्या सुमारास नवरी निघायची वेळ झाली. बायका रडायला लागल्या, कुणी ओटी भरतंय, कुणी चप्पल शोधतंय, कुणी गाडी लावतंय. मी दाराजवळ बसले होते. मामांनी आणि त्यांच्या माणसांनी हॉलच्या मधोमध खुर्च्या सरकवून एक मोकळी वाट ठेवली होती, दिवसभर ती अडू दिली नव्हती. त्या वाटेनं आण्णा एकटे खाली आले, दारातल्या उतारानं बाहेर गेले आणि गाडीच्या दरवाजाशी जाऊन थांबले. नवरी अजून मैत्रिणींच्या गळ्यात होती.

ती गाडीपाशी आली तेव्हा वडील तिथं आधीच होते. ती त्यांच्यापुढं खाली बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मी आधी आलो बघ तुझ्या."

ती रडता रडता हसली. मग गाडीत बसली.

गाडी गेल्यावर आण्णा बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आक्का, जेवलासा का?" मी जेवले होते, तरी नाही म्हणाले, आणि आम्ही दोघं पुन्हा बसलो. त्या चौघांपैकी एकानं न विसरता जिलेबी आणली.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. उताराचा सर्वांत जास्त उपयोग गुडघेदुखीच्या आज्या करतात, त्याखालोखाल बाबागाडीतली पोरं. मामांनी कानाचं मशीन घेतलं. बँड सुरू झाला की ते काढून खिशात ठेवतात आणि म्हणतात की एवढी सोय बाकी कुणाला नाही.

गेल्या महिन्यात मालकांचा पुन्हा फोन आला. एक लग्न ठरलं होतं, नवरा आणि नवरी दोघांनाही ऐकू येत नाही, त्यांची मित्रमंडळी शंभरेक तरी येणार. मला खुणांची भाषा फारशी येत नाही, म्हणून मी ती शिकवणारी एक तरुण मुलगी घेऊन गेले. तिला स्वतःलाही ऐकू येत नाही. सगळी मंडळी पुन्हा रांगेत बसली, मामा पहिल्या रांगेत. नमस्कार, पाणी, गरम, तिखट, आणखी वाढू का, एवढं सगळ्यांना एका सकाळीत आलं. मावशींची बोटं तर इतकी सफाईनं फिरत होती की ती मुलगी त्यांना दुसऱ्यांदा करायला सांगून बघत राहिली.

मालकांना मात्र ‘पुरे’ची खूण काही केल्या येईना. तिनं चारदा दाखवली. शेवटी ते मला म्हणाले, "तिला सांगा, ऱ्हाऊ दे ते. आमच्याकडं त्येची गरज पडत न्हाय."